गावनकाशातील तुटक रेषा



कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीकाठी उभे राहिले की एकाच ठिकाणी दोन काळ भेटतात. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवछत्रपतींच्या आरमाराचा श्रीगणेशा या परिसरात झाला. हा काळ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. दुसरा त्याहून सुमारे सतराशे वर्षांनी जुना आहे. गलबतांतून कल्याणच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादला जाई आणि मुरबाड, वैशाखरे करीत नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत पोहोचे. ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्दीने कल्याणचे नाव नोंदवले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूरांची नावे कोरलेली आहेत. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राज्ञी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणांची गणती त्यात आहे. त्या लेखातील अंक भारतातील सर्वात जुन्या अंकचिन्हांत मोडतात. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे लोकपरंपरा सांगते.

या व्यापाराचे कौतुक सर्वांना असते, पण तो ज्या वाटेने चालला त्या वाटेचा विचार सहसा होत नाही. घाटात दगडी फरसबंदी होती. घाटाखाली मात्र मैलोन्‌मैल माती आणि मुरूमच होता. बैलाचा खूर आणि माणसाचे पाऊल यांनी घट्ट झालेली, नदीच्या उताराशी सलगी करून जाणारी ती वाट होती. तिला अभियंता नव्हता, तरी ती दोन हजार वर्षे टिकली.

आज डोंबिवलीतील एखादा तरुण रविवारी पहाटे सायकल काढतो तेव्हा त्याच्यापुढे काय असते? कल्याण-शीळ रस्ता किंवा कल्याण-मुरबाड रस्ता. पहिल्यावर अवजड वाहनांची रांग, दुसऱ्यावर माळशेजकडे धावणाऱ्या मोटारींचा वेग. रायत्याचा पूल ओलांडेपर्यंत जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून जाणते सायकलस्वार डांबर सोडतात. बदलापूरहून म्हशाकडे, टिटवाळ्याहून काळू नदीच्या काठाने, भिवंडीच्या बाजूला लोनाडच्या लेण्यांकडे अशा आडवाटा ते शोधतात. शेताच्या बांधांमधून जाणारी, दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा पट्टा असलेली वाट त्यांना सापडते. समोरून फार तर एखादी बैलगाडी येते, किंवा डोक्यावर भारा घेतलेली बाई.

या वाटेला नाव आहे: पाणंद. पुस्तकी भाषेत तिला कोणी ‘ग्रामीण सायकलमार्ग’ म्हणू लागले तर ती ओळख चुकीची ठरेल. पाणंद सायकलसाठी जन्माला आलेली नाही. तिच्यावरून शेणखत शेतात जाते आणि भाताचे भारे खळ्यावर येतात, पोरे शाळेत जातात, गावाची अंत्ययात्राही तिच्यावरूनच निघते. पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हशाच्या यात्रेला बैल घेऊन निघालेले शेतकरी अशाच वाटांनी येत. शहरातून आलेला सायकलस्वार हा तेथे पाहुणा आहे. हजारो रुपयांची सायकल, अंगाला चिकटलेला रंगीत पोशाख आणि बांधावर टाकलेली वेफरची रिकामी पाकिटे, असे दर्शन घडवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

पाणंद मरते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. ती एका दिवसात नाहीशी होत नाही. शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगराचा फाळ वीतभर आत घालतो, समोरचाही तेच करतो आणि पाच-सहा पावसाळ्यांत गाडीवाटेची पायवाट होते. मग जमिनीला गिऱ्हाईक येते, भराव पडतो, तारेचे कुंपण उभे राहते. भिवंडी तालुक्यात गोदामांनी हे काम झपाट्याने केले. शहराच्या हद्दीत गावे आली की आणखी एक गोष्ट घडते. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून २००२ मध्ये बाहेर पडलेली सत्तावीस गावे २०१५ मध्ये पुन्हा आत आली. अशा गावांचे भवितव्य विकास आराखड्याच्या रेषा ठरवतात आणि त्या रेषा आखताना जुन्या गाडीवाटेची आठवण क्वचितच ठेवली जाते.

वास्तविक आठवण कागदावर आहे. भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. चालू वाट अडवली गेली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे पाचवे कलम आहे. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली आणि २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचा निर्णय केला. उशिरा का होईना, योग्य दिशेने पडलेले हे पाऊल आहे.

इंग्लंडने हे काम आधी केले. १९४९ च्या कायद्याने तेथील प्रत्येक परगण्याला जुन्या पायवाटा आणि घोडवाटा अधिकृत नकाशावर आणणे भाग पडले. १९६८ च्या कायद्याने घोडवाटांवर सायकलला मुभा मिळाली, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची या अटीवर. स्पेनने १९९३ पासून बंद पडलेल्या लोहमार्गांचे हरितमार्ग केले. आपल्याकडे मात्र मुंबईच्या जलवाहिन्यांलगत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची घोषणा झाली तेव्हा आधी वर्षानुवर्षांची अतिक्रमणे हटवावी लागली, तीही न्यायालयाच्या आदेशाने. शहरात वाट नव्याने मिळवावी लागते. मुरबाड-शहापूरकडे ती आहे, फक्त राखायची आहे.

राखायची म्हणजे डांबर घालायचे का? येथे सायकलप्रेमी आणि गावकरी यांचे मत जुळत नाही, आणि ते न जुळणे खोटे नाही. पावसाळ्यात पाड्यावरच्या आजाऱ्याला डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागते, अशा बातम्या याच जिल्ह्यातून दरवर्षी येतात. ज्या पाड्याला एकच वाट आहे, तिथे पक्का रस्ता झालाच पाहिजे. शहरवासीयाला मातीचा स्पर्श हवा म्हणून वनवासी बांधवाने चिखल तुडवावा, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे. परंतु पक्का रस्ता असताना त्याला समांतर, शेताकडे जाणारी पाणंदही सिमेंटने मढवण्याचा जो ठेकेदारी उत्साह दिसतो, त्याचे कारण निराळे असते. सिमेंट आले की भूखंडाचा भाव चढतो.

मुरमाचा रस्ता नीट केला तर चांगला टिकतो. त्याची पाठ मधे किंचित उंच हवी, दोन्ही कडांना चर हवेत, ओढ्यावर मोरी हवी आणि मुरूम ओला करून रोलरने दाबलेला हवा. कोकणच्या पावसात रस्ता मारते ते साचलेले पाणी. चर बुजले की पाणी चाकोरीतून वाहते आणि एका पावसात रस्त्याची नाळ होते. माथेरानचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर तांबड्या मातीच्या वाटा हेच वैभव. पण घोड्यांच्या टापा आणि धो-धो पाऊस यांनी माती वाहून जाते, म्हणून ठोकळे बसवले गेले आणि त्यावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. मातीची वाट फुकट मिळत नाही. तिला दरवर्षी माणसे लागतात.

पूर्वी तालुक्याचा प्रवास सायकलवरून करणाऱ्या प्रचारकांची एक पिढी होती. कोणत्या ओढ्याला आषाढात उतार मिळतो, कोणत्या पाड्यावर कोणाच्या घरी भाकरी मिळते, हे त्यांना पाठ असे. हौशी सायकलस्वारांनी मनावर घेतले तर तशी माहिती पुन्हा गोळा होऊ शकते. सिद्धगडाखाली २ जानेवारी १९४३ रोजी वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. त्या दिवशी अभिवादनाला जाणाऱ्यांनी मोटारीऐवजी सायकलीने, आडवाटेने जावे. जाताना गावनकाशाची प्रत खिशात ठेवावी आणि कोणती तुटक रेषा अजून जमिनीवर आहे, कोणती कुंपणाआड गेली, याची खूण करावी. अंबरनाथच्या शके ९८२ च्या शिवालयापासून म्हशापर्यंतचा टापू एका हिवाळ्यात पाहून होण्यासारखा आहे. मे महिन्यात दोन रविवार चर उकरायला आणि मोरीतला गाळ काढायला द्यावेत. हे काम गावच्या तरुणांबरोबर आणि ग्रामपंचायतीला सांगून करावे. वनखात्याच्या हद्दीत अर्थातच परवानगीने.

एक व्यावहारिक बाब शेवटी सांगायला हवी. मामलेदार न्यायालय कायद्याखालचा दावा वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो आणि तो वाट वापरणाऱ्या गावकऱ्यानेच करायचा असतो. नांगर चालतो, कुंपण पडते ते बहुधा ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर. शहरातले सायकलस्वार त्या वाटेला पुन्हा येतात ते दिवाळीनंतर, कित्येकदा जानेवारीत. तोपर्यंत मुदत टळलेली असते. म्हणून निदान श्रावणात एक फेरी व्हावी, चिखल असला तरी, आणि अडलेली वाट दिसताच त्याच दिवशी गावातल्या जाणत्या शेतकऱ्याच्या कानावर घालावी.