गवत, १९४५ आणि आमची घरातली शाळा

आज मी कोसबाडमधून बोलतेय. मागे कोंबडा ओरडला तर समजून घ्या, तो आमच्याच अंगणातला आहे.

मला तीन मुलं. मोठी तेरा वर्षांची, मधला दहाचा, धाकटी सातची. तिघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. मुंबईत हे सांगितलं की लोक विचारतात, "मग दहावीचं काय?" कोसबाडमध्ये मात्र प्रश्न वेगळा येतो आणि तो जास्त टोचतो. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "ताई, आमच्या पोरांना शाळा मिळावी म्हणून माणसांनी इथे हाडं झिजवली. तुम्ही मिळालेली शाळा सोडली?"

काकू चुकीचं बोलल्या नव्हत्या. कोसबाड हे गाव देशाच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे ते नेमकं याच कारणासाठी. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी इथून जवळच बोर्डीला बालवाडी सुरू केली. सोबत होत्या अनुताई वाघ, तेव्हा पस्तीस वर्षांच्या. अनुताई बालविधवा. पुढचं सगळं शिक्षण जिद्दीने मिळवलेलं. १९५०च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर आलं आणि दोघींनी उरलेलं आयुष्य त्यातच घातलं.

आता गंमत ऐका. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत, तर कुणी गुरं राखतंय, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलंय. मग या बायकांनी काय केलं? मुलं येत नाहीत ना, मग शाळाच उचलून मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. हा शब्द आज अख्ख्या देशात चालतो. गुरं चरतात तिथे, गवतात भरली ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली ती विकासवाडी, म्हणजे भावंडाला सांभाळणारी ताईसुद्धा वर्गात बसू शकेल. माँटेसरीची महागडी साधनं नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या घेऊन गणित शिकवलं.

हे मी का सांगतेय? कारण आमची घरातली शाळा कुठल्या परदेशी पुस्तकातून आलेली नाही. ती या टेकडीवरून खाली उतरलेली आहे. आता आमचं कसं चालतं, ते एका प्रकल्पावरून सांगते.

तीन वयांच्या मुलांना तीन अभ्यासक्रम शिकवायला गेलं तर आईचं डोकं फुटेल. म्हणून आम्ही विषय एकच घेतो आणि तिघं आपापल्या उंचीवरून त्याला हात लावतात. गेल्या पावसाळ्यात विषय होता गवत. हो, साधं गवत!

जूनमध्ये घरामागच्या माळावर चार काठ्या रोवून एक चौकोन आखला. दर रविवारी तिथे जायचं. धाकटी सगळ्यात उंच पात्याजवळ काठी धरायची आणि खूण करायची. मधला तारीख आणि उंची लिहायचा. मोठी चित्रं काढायची आणि चौकोनात कोण कोण राहतं त्याची यादी ठेवायची: नाकतोडे, कोळी, मुंग्या, एकदा बेडकाचं पिल्लू. जुलैत गवत सरसर वाढलं. ऑगस्टमध्ये धाकटीच्या डोक्यावरून गेलं. सप्टेंबरच्या शेवटी तुरे आले आणि मग रंग बदलायला लागला, हिरव्याचा पिवळा.

त्याच सुमारास मोठीच्या हातात गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' होतं. वारल्यांचा उठाव. वेठ म्हणजे फुकट राबणं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे गुलामासारखं राबणं, त्याला म्हणायचे लग्नगडी. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावात परिषद झाली आणि वारल्यांनी ठरवलं, आता वेठ नाही. पुढे मजुरीची मागणी आली: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले.

मोठीने पुस्तक खाली ठेवलं आणि विचारलं, "आई, संप ऑक्टोबरमध्येच का?"

मी काही बोलायच्या आत मधला म्हणाला, "कारण गवत तेव्हाच पिकतं. आपल्या वहीत बघ ना!"

बघा, इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर निसर्गाच्या वहीत सापडलं. गवत वाळून पडायच्या आधी कापावंच लागतं. मुंबईच्या तबेल्यांना चारा हवा असतो. हंगाम थोड्या दिवसांचा. त्या थोड्या दिवसांत मजुराचा हात थांबला तरच मालकाला त्याची किंमत कळते. पाठ्यपुस्तकात 'वारल्यांचा उठाव' ही एक ओळ असते. माळावर उभं राहिलं की ती हिशेब करता येण्यासारखी गोष्ट होते.

मग तो हिशेबही केला. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. काकूंच्या घरच्यांनी विळा कसा धरायचा ते शिकवलं. मी आणि मोठीने तासभर गवत कापलं, तराजूवर घातलं: नऊ किलो. पाठ मोडली. चार दिवस वाळवून पुन्हा वजन केलं तर निम्म्याहून कमी भरलं. मधला विचारात पडला. म्हणाला, "मग वजन ओलं असताना करायचं की वाळल्यावर? आणि तराजू कोणाच्या हातात?" दहा वर्षांच्या मुलाने मजुरी आणि माप यांचं नातं स्वतः शोधलं. मी गप्प बसले. अशा वेळी आईने गप्प बसणं हेच शिकवणं असतं.

अजून एक गोष्ट मुलांना भिंतीवरचा कालपट बनवताना दिसली. परिषद, गोळीबार, बोर्डीची बालवाडी, सगळं १९४५ मध्ये. एकीकडे गवत कापणाऱ्यांचा लढा. पुढे त्याच माणसांच्या मुलांसाठी गवतात भरणारी शाळा. वाटा वेगळ्या, माणसं वेगळी, पण कुरण तेच.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आम्ही घरी शिकवू शकतो, कारण घरात दोन शिकलेली माणसं आहेत, पुस्तकं आहेत, एकाच्या पगारात भागतं. काकूंच्या नातीला हे नाही. तिच्यासाठी शाळा म्हणजे दुपारचं जेवण, पुस्तकं आणि पुढे नोकरीची वाट. म्हणून "शाळा वाईट, सगळ्यांनी सोडा" असं मी कधीच म्हणणार नाही. ताराबाई-अनुताईंनी मुलाच्या जगण्याकडे बघून शाळेचा आकार बदलला. आमच्या घराला हा आकार जमला, इतकंच. काकूंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग रविवारी माझी नात पण माळावर येईल." तेव्हापासून चौकोनाभोवती चार मुलं असतात, आणि झाडांची वारली नावं तीच सांगते. आमच्या तिघांना ती माहीत नव्हती.

आणि दहावीचं काय? एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. वय चौदा पूर्ण झालं की तिथून दहावीला बसता येतं. मोठी पुढच्या वर्षी चौदाची होईल. ती म्हणतेय, "मला नववीला शाळेत जाऊन बघायचंय. प्रयोगशाळा हवी, मैत्रिणी हव्यात." माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगते. पण मुलाकडे बघून शाळा ठरवायची, हे तत्त्व आपल्याला सोयीचं नसतानाही पाळावं लागतं. जूनमध्ये तिचं दप्तर येईल.

तुम्ही शाळेत असा, कॉलेजात असा, नोकरीत असा, एक करून बघा. घराजवळचा जमिनीचा एक तुकडा निवडा. झाडाखालचा चालेल, गच्चीवरची कुंडी चालेल. चार महिने, आठवड्यातून एकदा, तारीख टाकून लिहा. मग त्याच जागेवर ऐंशी वर्षांपूर्वी कोण राबत होतं, काय पिकत होतं, मजुरी किती होती, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. काय सापडतं ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा.

चला, गुरं माळावरून परत यायची वेळ झाली. भेटू पुढच्या भागात!