मासे आणि वनस्पती यांची एकत्र जोपासना

(अर्जुनी मोरगाव तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्या विषयावर बोलण्यासाठी मला येथे पाचारण करण्यात आले, त्याचे नाव ॲक्वापोनिक्स असे आहे. नाव परके आहे आणि ते उच्चारताना आपल्यापैकी काहींना हसू आले हे मी पाहिले. परंतु टाकीत मासे पाळायचे, त्यांचे पाणी भाजीच्या वाफ्याला द्यायचे आणि वाफ्यातून निथळलेले पाणी पुन्हा माशांना द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्या जिल्ह्यात तलावाच्या पोटात मासे आणि पाळीखाली भाताच्या बांध्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या, त्या जिल्ह्यातील लोकांना हे समजण्यास अडचण पडू नये.

प्रथम या पद्धतीचे शास्त्र पाहू. मासा खातो त्यातील नत्राचा बराच भाग तो अमोनियाच्या रूपाने पाण्यात टाकतो. बंद टाकीत हा अमोनिया साठत गेला की तो माशांना विषासारखा बाधतो. मात्र खडीच्या पृष्ठभागावर वाढणारे एका जातीचे सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट बनवितात आणि दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्राइटही माशांना घातकच; नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पतींचे ते आवडते अन्न आहे. म्हणजे या संसारात दोन नव्हे, तीन भागीदार आहेत, आणि न दिसणारा तिसराच सर्वात महत्त्वाचा. नवी टाकी भरल्यावर हे जीवाणू पुरेसे वाढण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी टाकीत पुष्कळ मासे सोडणाऱ्याची फजिती होते ती यामुळेच.

शाळेच्या आवारात असा संच उभारावयाचा असेल तर एक हजार लिटरची टाकी पुरते. तीत एकूण दहा किलो वजनापर्यंतच मासे ठेवावेत. आपल्या वजनाच्या शेकडा एक ते दोन या प्रमाणात मासे रोज खाद्य खातात. म्हणजे शंभर ते दोनशे ग्रॅम. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यासाठी दिवसाला चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य असे प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत दिले आहे. त्या हिशेबाने दोन ते चार चौरस मीटरची, फूटभर खोल खडी भरलेली पेटी लागेल. टाकीतील सर्व पाणी तासाभरात एकदा पेटीतून फिरेल इतक्या शक्तीचा लहान पंप बसवावा. नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन उडून जावा म्हणून ते दोन दिवस उघडे ठेवावे. पालक, मेथी, कोथिंबीर चांगली येते. टोमॅटो, वांगी यांना अधिक पोषण लागते. कोवळी पाने पिवळी पडू लागली तर बहुधा लोह कमी पडत आहे असे समजावे, कारण माशांच्या खाद्यातून लोह फारसे मिळत नाही. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे : झाडांवर कीटकनाशक फवारले की ते माशांवरच फवारले असे होते.

मासा कोणता घ्यावा, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. घरामागे मी अशी टाकी उभारली आणि तीत रोहू सोडले. चार-पाच गावठी मागूरही होते. मे महिन्यात एका रात्री वीज गेली, पंप थांबला आणि मी झोपेत होतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, हे पुस्तकात वाचलेले त्या रात्री आठवले नाही. पहाटे पाहतो तो रोहू वर तरंगत होते आणि मागूर मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळून पुन्हा तळाशी जात होते. मागूर, शिंगी, मरळ हे मासे हवेतूनही श्वास घेऊ शकतात. आपला उन्हाळा आणि आपल्याकडील विजेचा भरवसा पाहता टाकीसाठी गावठी मागूर किंवा शिंगी हाच शहाणपणाचा मार्ग होय. आफ्रिकन मागुराला मात्र थारा देऊ नये. तो बंदी असलेला मासा आहे आणि तो तलावात शिरला तर स्थानिक माशांचा फडशा पाडतो.

आता प्रश्न असा की, या संचाने आपल्या जिल्ह्याचा मत्स्यप्रश्न सुटेल काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही. जेथे जमीन नाही, पाणी दुर्मिळ आहे आणि ताज्या भाजीला मोठा भाव आहे, तेथे ही पद्धत मोलाची आहे. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात या पद्धतीचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्याचे कारणही त्या बेटांवरील गोड्या पाण्याची टंचाई हेच. आपल्याकडे ती शाळेत शोभेल, मुलांना नत्राचे चक्र डोळ्यांनी दाखवील. परंतु तिचा खरा धडा टाकीबाहेर आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले. नवेगाव बांधाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. या तलावांची रचना पाहा. वर पाणी, त्यात मासे आणि पाणवनस्पती. खाली भाताची बांधी. माशांच्या व पाखरांच्या विष्ठेने समृद्ध झालेले पाणी बांधीला मिळते. खडीच्या पेटीचे काम येथे तलावाच्या काठची उथळ जमीन, तिच्यावरील वनस्पती आणि खालची बांधी मिळून करतात, आणि पंपाचे काम उतार करतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले. ते न्याय्यच होते. मात्र पाळीची, पाटाची आणि गाळाची वर्षानुवर्षे चाललेली गावाची निगा त्यानंतर सैल पडली, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे उत्पादन वाढविण्यासाठी तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यात येऊ लागले. या माशांनी ढीवर संस्थांना उत्पन्न दिले हे नाकारता येत नाही. परंतु हे नदीचे मासे असून साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, त्यामुळे दर वर्षी बीज विकत घ्यावे लागते. शिवाय गवत्या मासा पाण्यातील गवत खाऊन टाकतो आणि सायप्रिनस तळ उकरून मुळे उखडतो, पाणी गढूळ करतो. उलट मरळ वनस्पतींच्या आडोशाला घरटे करते व पिल्लांची राखण करते. कितीतरी लहान गावठी मासे पाणवनस्पतींना अंडी चिकटवितात. वनस्पती गेली की त्यांचे बाळंतघरच गेले. काठावर बेशरम माजली आणि शेतांतून रासायनिक खते व औषधे वाहून आली, त्याचाही हातभार लागला. टाकीत पेटी काढून घेतली तर जे होईल, तेच आपण तलावात केले.

हे ओळखून याच तालुक्यात काम झाले आहे, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे श्री. मनीष राजनकर यांनी ढीवर बांधवांना सोबत घेऊन तलावांतील मासे व वनस्पती यांची पाहणी केली. उन्हाळ्यात तलावाचा काठ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची, तो भाग नांगरायचा आणि पाणी चढू लागले की इतर तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या, असा क्रम तेथे अनुसरण्यात आला. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर वाढते आणि कोणता मासा तिच्यात वावरतो, हे ज्ञान ढीवरांपाशीच होते. वनस्पती परतल्या तेथे गावठी मासेही परतू लागले. त्यांचे बीज विकत घ्यावे लागत नाही.

पंचायत सदस्यांना आता दोन शब्द. गाळ काढण्याचा ठराव आपल्यापुढे येतो तेव्हा यंत्राने सगळा तलाव काठापासून सारखा खोल करण्यास संमती देऊ नका. काठच्या उथळ मातीतच कंद आणि बिया असतात. पाण्याच्या येव्याकडील पट्टा राखून मधला गाळ काढावा. तलावात गवत्या सोडण्यापूर्वी ढीवर संस्थेशी चर्चा करावी. तलावाचा ठेका अल्प मुदतीचा ठेवला तर वनस्पती लावण्याचे श्रम कोण घेईल? लावणारा एक आणि मासे धरणारा दुसरा, असे होऊ लागले की काम थांबते. शिंगाडा घेणारी कुटुंबे व मासेमारी करणारे यांच्यात जागेची वाटणी पावसाळ्यापूर्वीच ठरलेली बरी. आणि उन्हाळी धानासाठी पाणी सोडताना तळाशी माशांपुरते पाणी राहील अशी खूण पाळीवर करावी. शेतकरी व ढीवर यांच्यातील तंटे बहुधा याच एका बाबीवरून होतात.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. शाळेत संच होईल तेव्हा होवो. त्याआधी आपल्या गावच्या तलावावर सातवी-आठवीच्या मुलांना न्यावे, सोबत एखाद्या वृद्ध ढीवर आजीला घ्यावे, आणि ती सांगेल ती वनस्पतींची व माशांची गावठी नावे एका वहीत उतरवून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवावेत : पूर्वी होती काय, आज आहे काय. दिवाळीच्या सुटीपूर्वीचे दिवस याला उत्तम, कारण तेव्हा तलाव भरलेला असतो आणि फुलेही असतात. दुसऱ्या रकान्यात "नाही" असे जेथे लिहिले जाईल, त्या वनस्पती शेजारच्या कोणत्या तलावात उरल्या आहेत हेही आजीलाच विचारावे.