गाण्यांत राहिलेला परदेश

परदेशीं जाऊन आलेल्या मनुष्यास लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. तेथें काय पाहिलें, आणि तेथून काय आणलें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर दर वर्षी थोडें थोडें पुसट होत जातें. दुसऱ्याचें उत्तर तर त्याहून लवकर संपतें. मीं आणलेलें घड्याळ केव्हांच बंद पडलें, कोटास कसर लागली, छायाचित्रें पिवळीं पडलीं. टिकलीं तीं चार-दोन गाणीं. तीं आणतांना जकातीच्या अधिकाऱ्यानें पेटी उघडावयास लावली नाहीं, आणि मलाहि तीं आपल्याबरोबर येत आहेत हें ठाऊक नव्हतें. त्या गाण्यांविषयीं आज थोडें बोलावें असा विचार आहे.

गाणें आणि परदेश यांचें नातें पुष्कळ जुनें आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें १६८८ सालीं बाझल येथें एक प्रबंध लिहिला आणि स्वदेशाच्या ओढीनें जडणाऱ्या दुखण्यास ‘नॉस्टॅल्जिया’ हें नांव दिलें. पुढें रूसोनें १७६८ च्या आपल्या संगीतकोशांत एक हकीकत नमूद केली. परक्या राजांच्या चाकरींत असलेल्या स्विस शिपायांत गुराख्यांची एक विशिष्ट चाल वाजविण्यास देहान्ताच्या धाकानें बंदी होती. कारण ती ऐकतांच ते रडत, पळून जात, किंवा झुरून मरत. रूसोचें म्हणणें असें कीं, ही शक्ति त्या सुरांत नव्हती. ती ऐकणाराच्या आठवणींत होती. आपल्याकडे हें कोणास समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९०९ च्या डिसेंबरांत ब्रायटनच्या किनाऱ्यावर बसून सावरकरांनीं समुद्रास उद्देशून जें गीत रचलें, तें घरांतील समुद्र न पाहिलेल्या मुलांनाहि पाठ असतें.

परंतु हीं सारीं परदेशीं बसून घराकडे पाहणारीं गाणीं झालीं. उलट दिशेचाहि एक प्रवास आहे. मनुष्य घरीं परत येतो, ओसरीवर बसतो, आणि एखादा सूर कानीं पडतांच क्षणार्धांत त्या दूरच्या देशांत जाऊन उभा राहतो. माझा अनुभव या दुसऱ्या प्रकारचा आहे.

माझें गांव हसनाबाद, भोकरदन तालुक्यांतलें. आज तें जालना जिल्ह्यांत आहे. १९७८ सालीं मी निघालों तेव्हां जालना हा वेगळा जिल्हाच झालेला नव्हता, आणि आम्ही औरंगाबाद जिल्ह्याचे म्हणवीत असूं. आमच्या वडील माणसांचें अर्धें आयुष्य निजामच्या राज्यांत गेलें होतें. त्यांच्या दृष्टीनें पुणें-मुंबई हाच एक प्रकारचा परदेश होता. अशा घरांतला मुलगा मराठी शिकविण्याच्या कामावर मॉरिशसला जाणार, हें ऐकून माझ्या आईनें एवढेंच विचारलें, “तिथं आपली भाकरी मिळती का?” एस. टी. नें औरंगाबाद, तेथून मीटरगेजच्या गाडीनें मनमाड, पुढें मुंबई, आणि मग विमान. वेशीपर्यंत पोंचवावयास आलेली आई त्यानंतर मला दिसली नाहीं.

मॉरिशसमध्यें मराठी कां शिकवावयाचें, असा प्रश्न कोणासहि पडेल. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारानें राबण्याकरितां हिंदुस्थानांतून सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर उतरलीं. पोर्ट लुई येथें ज्या धक्क्यावर तीं उतरत, तो आज ‘आप्रवासी घाट’ या नांवानें जागतिक वारसा म्हणून जतन केला आहे. त्याच्या सोळा पायऱ्या तेथील लोक आदरानें दाखवितात. या लोकांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणचे मराठी कुळवाडीहि होते. त्यांच्या वंशजांच्या तोंडीं घरींदारीं क्रिओल भाषा असते. मात्र गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुट्टी असते, आणि गणपतीपुढें ‘झाकरी’ होते. ही झाकरी म्हणजे आपल्या रत्नागिरीकडची जाखडी. ढोलकीभोंवतीं फेर धरून नाचणारी तीं मुलें पाहिलीं तेव्हां मला प्रथम कौतुक वाटलें, आणि मग लाज वाटली. कारण कोंकणांतली ही जाखडी मीं मराठवाड्याच्या मनुष्यानें आपल्या देशांत कधींच पाहिली नव्हती.

तेथील दुसरें गाणें म्हणजे सेगा. आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांनीं तें निर्माण केलें. १९१४ सालींच नव्हे तर त्याच्याहि पुष्कळ आधीं तें बेटावर रुजलें होतें, आणि २०१४ सालीं युनेस्कोनें त्यास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. ‘ती फ्रेर’ या नांवानें प्रसिद्ध असलेले ज्यां आल्फोन्स राव्हातों हे त्याचे मोठे गायक. रात्रीं समुद्रकांठीं लोक शेकोटी पेटवितात आणि ‘राव्हान’ नांवाचें कातडी मढविलेलें मोठें वाद्य त्या आंचेवर धरून तापवितात. तें दृश्य प्रथम पाहिलें तेव्हां मी चमकलों. आमच्या गांवीं वरातीपूर्वीं हलगी अशीच पाचोळ्याच्या जाळावर शेकतात! भाषा कळत नव्हती, पण ढिलें कातडें आंचेनें ताणलें जाऊन आवाज कसा उघडतो, तें मला लहानपणापासून ठाऊक होतें. आज हसनाबादेस हलगी शेकूं लागले कीं मला वरात दिसत नाहीं, समुद्र दिसतो.

वाकोआ या पावसाळी गांवीं मी एका मराठी वंशाच्या वृद्ध बाईच्या घरीं बिऱ्हाडास होतों. मी त्यांना आजी म्हणें. त्यांना मराठी बोलतां येत नसे. परंतु कपडे वाळत घालतांना त्या एक ओवी गुणगुणत. शब्द झिजलेले होते, चाल मात्र ओळखीची होती. एके दिवशीं त्यांनीं मला क्रिओलमध्यें विचारलें, “यांतला हा ‘जातें’ कोण देव?” ओव्यांत जात्यास देव मानून हांक मारण्याची चाल आहे; त्यामुळें आईकडून ऐकलेल्या त्या नांवाला त्यांनीं जन्मभर हात जोडले होते. त्यांच्या घरीं मसाला वाटावयाचा दगडी पाटा होता, पण जातें त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. मीं कागदावर दोन तळ्या, खुंटा आणि दळणारी बाई काढून दाखविली. आजींनीं तो कागद बराच वेळ पाहिला आणि गणपतीच्या तसबिरीमागें ठेवून दिला.

१९७९ च्या पावसाळ्यांत तार आली. आई जाऊन तीन दिवस झाले होते. निघून पोंचेपर्यंत दहावाहि हातीं लागला नसता. मी खोलींत बसून राहिलों. संध्याकाळीं आजी आल्या. सांत्वनाचे मराठी शब्द त्यांच्यापाशीं नव्हते आणि क्रिओलचे मला त्या वेळीं नको होते, हें त्यांनीं जाणलें असावें. त्या दारापाशीं खालीं बसल्या आणि त्यांनीं ती ओवी म्हटली. त्यांना येणारें मराठी तेवढेंच होतें, तें सारें त्यांनीं मला दिलें. बाहेर पाऊस पडत होता.

पुढें मी परत आलों. गांवांत पिठाची गिरणी केव्हांच आली होती आणि आमचें जातें गोठ्याच्या भिंतीशीं पडलें होतें. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हें यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, हें आपलें भाग्यच. कारण आतां गांवोगांवीं जात्याला हात लागतो तो लग्नाची हळद दळण्यापुरता. तशाच एका हळदीस आमच्या घरीं बायकांनीं ओवी धरली. आईचा चेहरा डोळ्यांपुढें येईल अशा आशेनें मी कान देऊन बसलों. आला तो वाकोआचा पाऊस, दारांतल्या आजी आणि तारेचा कागद. ज्या ओवीवर मी लहानाचा मोठा झालों, ती परदेशानें माझ्याकडून काढून घेतली, असें मला वाटलें. आईच्या शेवटच्या वेळीं जवळ नव्हतों. आतां तिची ओवीहि तिची राहिली नाहीं. हा सल मीं पुष्कळ वर्षें कोणास सांगितला नाहीं.

शेवटीं तो थोरल्या बहिणीस, अक्काला, सांगितला. ती हंसली. म्हणाली, “तुला निदान कोणीतरी माणूस आठवतं. मला ओवी ऐकली की पहाटे तीनला उठून दळलेली पायली आठवती, आणि हाताचे फोड. मायलाही तेच आठवत असेल. ती काय हौसेनं गात होती?”

त्या एका वाक्यानें माझा गुंता सुटला. कॅलिफोर्नियांतील पीटर जनाटा यांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, ओळखीचें गाणें आणि त्याच्याशीं निगडित आठवण यांची गांठ मेंदूच्या पुढल्या भागांत पडते. ही गांठ कोणत्या क्षणाशीं पडावी, हें मात्र गाणें आपणांस विचारून ठरवीत नाहीं. आईनें ती ओवी श्रम हलके व्हावेत म्हणून गाइली, आजींनीं देव समजून गाइली, आणि माझ्यापाशीं बसून दुसरें कांहीं देण्याजोगें नव्हतें म्हणून गाइली. ओवी माझ्याकडून कोणी काढून घेतली नव्हती. ती माझ्या आईच्या हातून निघून दुसऱ्या एका माउलीच्या हातून मला पोंचली होती.

आपल्या घरींहि कोणी परदेशीं राहून आलेलें असेल. तेथें काय पाहिलें, काय आणलें, हें त्यांना पुष्कळदां विचारून झालें असेल. आज एकदां विचारावें: तेथें कोणतें गाणें ऐकलें? उत्तर यावयास थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबावें.