सोळा बिऱ्हाडांची एक विंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण, छापण्यासाठी थोडे आवरून)

चेअरमनसाहेब, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभी असलेली तरुण मंडळी,

मला विषय दिला होता 'अमेरिकेतले अनुभव'. या गच्चीवर त्या विषयाची निदान चार भाषणं मी स्वतः ऐकली आहेत. तिथले रस्ते, तिथली शिस्त, तिथलं दूध, सगळं सांगून झालंय. म्हणून आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. आपल्या नव्हे, त्यांच्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं पिट्सबर्गला लेकीकडे सहा महिने होतो. बाहेर बर्फ, आणि रविवार आला की जावई टीव्हीसमोर. दोन्हीकडे अकरा-अकरा जण, लंबगोल चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. खेळाबद्दल एवढं पुरे, कारण खरं सांगायचं तर मला खेळापेक्षा त्याच्या मागचा कारभारच जास्त आवडला. सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाचं दुसरं काय होणार!

तर एनएफएल म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. तिच्यात बत्तीस संघ. त्यांच्या दोन विंगा, प्रत्येकीत सोळा बिऱ्हाडं. त्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात. एक अमेरिकन, म्हणजे एएफसी, आणि दुसरी नॅशनल, म्हणजे एनएफसी. दोन्ही विंगांचे विजेते शेवटी सुपर बोलमध्ये भिडतात. मी बोलणार आहे ते एएफसीबद्दल, कारण ही विंग मुळात वेगळी सोसायटी होती, आणि ती रागातून बांधली गेली होती.

झालं असं, की टेक्सासचा लामार हंट हा तेलवाल्या घरचा तरुण १९५९ साली एनएफएलमधला शिकागो कार्डिनल्स हा संघ विकत घ्यायला गेला. मालकांनी दिला नाही. परतीच्या विमानात त्याने ठरवलं की आपणच लीग काढू. सात भिडू जमवले आणि १९६० मध्ये आठ संघांची अमेरिकन फुटबॉल लीग सुरू झाली. हे मालक स्वतःलाच 'मूर्खांचा क्लब' म्हणायचे, इतका पैसा बुडत होता. ओकलंडचा संघ बंद पडायला आला, तेव्हा बफेलोच्या मालकाने, राल्फ विल्सनने, त्याला चार लाख डॉलर उसने दिले. आता बघा, हा त्याचा प्रतिस्पर्धी! पण समोरचा संघ बुडाला तर आपण खेळायचं कोणाशी, हे विल्सनला कळत होतं.

या मंडळींनी पहिल्याच वर्षी आणखी एक गोष्ट केली. टीव्हीचे हक्क प्रत्येकाने वेगळे न विकता लीगने एकत्र विकले आणि पैसा सगळ्यांत सारखा वाटला. न्यूयॉर्कला जेवढा, तेवढाच बफेलोला. तोवर जुन्या लीगमध्ये मोठ्या शहरांचे संघ आपापला करार करून गब्बर होत होते. एनएफएलचे तरुण कमिशनर पीट रोझेल यांनी ते पाहिलं, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या मालकांची समजूत घातली, १९६१ मध्ये संसदेकडून त्यासाठी कायदाही करून घेतला, आणि तिथेही समान वाटप सुरू झालं. आजसुद्धा राष्ट्रीय टीव्हीच्या उत्पन्नाचे बत्तीस सारखे भाग होतात. बफेलो शहराची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, न्यूयॉर्कची ऐंशी लाखांवर.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. लिफ्ट बदलण्याचा ठराव आला त्या एजीएममध्ये विरोध करणारा मीच. इतिवृत्तात नाव आहे. 'मी लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाही, मी पैसे का भरू?' असं मी तावातावाने विचारलं होतं. उपविधीप्रमाणे लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा, म्हणून भरले, पण वर्षभर कुरकुरत. जावई बफेलो आणि न्यूयॉर्कचं गणित समजावत होता आणि मला ती एजीएम आठवत होती.

असो. दोन्ही लीगमध्ये खेळाडूंवरून बोली लागायला लागली. कॉलेजातली चांगली मुलं दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना हॉटेलात दडवून ठेवायचे! १९६५ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथ या एका पोराला चार लाख सत्तावीस हजार डॉलर दिले. दोघांनाही परवडेना. मग १९६६ च्या एप्रिलमध्ये हंट आणि डॅलसच्या एनएफएल संघाचे टेक्स श्रॅम गुपचूप विमानतळावर भेटले आणि पार्किंगमध्ये, गाडीत बसून, तडजोडीची बोलणी झाली. आपल्याकडचेही अर्धे निर्णय पार्किंगमध्येच होतात, फक्त आपले गुप्त राहत नाहीत.

जूनमध्ये विलीनीकरण जाहीर झालं, पण एका छताखाली यायला १९७० उजाडलं. मेख आकड्यांत होती. जुन्या लीगचे संघ सोळा, नव्या लीगचे दहा. दोन विंगा तेरा-तेराच्या करायच्या तर जुन्यांपैकी तिघांनी 'त्या लोकांत' राहायला जायला हवं. कोण जाणार? प्रत्येकी तीस लाख डॉलर देऊ केले, तरी कोणी हलेना. शेवटी बाल्टिमोर, क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग तयार झाले. क्लीव्हलँडचा मालक आर्ट मॉडेल त्या दिवसांत आजारी पडून रुग्णालयात होता. शेजारचं पिट्सबर्ग बरोबर येत असेल तर येतो, म्हणाला. पिट्सबर्गचे आर्ट रूनी १९३३ पासून जुन्या लीगमध्ये, त्यांचं मन होईना. तरी गेले.

आणि तोवर चाळीसएक वर्षांत एकही अजिंक्यपद न मिळालेल्या पिट्सबर्ग स्टीलर्सनी नव्या विंगेत गेल्यावर सहा वर्षांत चार सुपर बोल जिंकले. पहिला जानेवारी १९७५ मध्ये. पिट्सबर्गमध्ये हे सांगताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज अजून बदलतो.

उरलेल्या तेरांची, म्हणजे एनएफसीची, गटवारी काही केल्या ठरेना. अखेर पाच योजनांच्या चिठ्ठ्या काचेच्या भांड्यात टाकल्या आणि रोझेल यांच्या सेक्रेटरीबाईंनी एक उचलली. त्या चिठ्ठीने डॅलस पूर्व गटात गेलं आणि आजही तिथेच आहे. नकाशा पाहा घरी जाऊन!

सगळं गोड आहे असं मात्र नाही. स्टेडियममधल्या आलिशान कक्षांचं भाडं ज्याचं त्याचं असतं. त्यामुळे चांगलं स्टेडियम देईल त्या शहराकडे मालकांचे डोळे. हाच आर्ट मॉडेल १९९५ मध्ये अख्खा संघ बाल्टिमोरला न्यायला निघाला. क्लीव्हलँडचे लोक चिडले, शहर कोर्टात गेलं. शेवटी खेळाडू गेले. पण संघाचं नाव, रंग आणि जुने विक्रम शहरातच राहिले, आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. बिऱ्हाड गेलं, दारावरची पाटी राहिली.

२००२ पासून एएफसीत चार-चार संघांचे चार गट आहेत: पूर्व, उत्तर, दक्षिण, पश्चिम. हंगामात सतरा सामने. गटातल्या तिघांशी दोन-दोनदा खेळायचं, बाकीचे बरेचसे पाळीपाळीने ठरतात. चार गटविजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, असे सात जण बाद फेरीत. शिवाय जो तळाला राहिला त्याला पुढच्या वर्षी कॉलेजच्या खेळाडूंतून सगळ्यांत आधी निवड. मोठ्या ठरावांना बत्तीसपैकी चोवीस मतं लागतात, आणि मत प्रत्येकाला एकच.

भाषण संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "त्या हंटला शेवटी काय मिळालं हो?" काकू, त्याचा संघ डॅलसहून कॅन्सस सिटीला गेला आणि विलीनीकरणाआधीचा शेवटचा सुपर बोल त्यानेच जिंकला. एएफसीच्या विजेत्याला जो करंडक देतात त्याला लामार हंटचंच नाव आहे. आणि 'सुपर बोल' हे नावही त्यालाच सुचलेलं, मुलांच्या 'सुपर बॉल' या उसळत्या चेंडूवरून.

आता चहा. लिफ्ट कालपासून बंद आहे, तेव्हा गच्चीवरून चालत उतरणाऱ्या ज्येष्ठांनी आपापल्या मजल्यावर थांबू नये. चहा आमच्याकडे, तळमजल्यावर ठेवलाय.