पांढुर्णा : तीन अक्षरे की नऊ?

छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौसर या तहसिली वेगळ्या करून 2023 साली पांढुर्णा जिल्हा स्थापन झाला. हे नाव मराठीत 'पांढुर्णा', तर हिंदीत पुष्कळदा 'पांढुर्ना' असे लिहितात. वाचणारा दोन्ही एकच मानतो. संगणक मानीत नाही. खसऱ्यात एक रूप व अर्जात दुसरे असल्यास शोधात नोंद सापडत नाही आणि संत्र्याच्या बागायतदारास हेलपाटे पडतात.

जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड संगणकभाषेत मजकूर 'स्ट्रिंग' नामक वस्तूत साठविला जातो. शिक्षक 'पांढुर्णा' या नावात तीन अक्षरे मोजतील. जावा नऊ मोजते, कारण काना, अनुस्वार, उकार व हलन्तचिन्ह हे प्रत्येक तिच्या लेखी स्वतंत्र. म्हणून रकाना सात चिन्हांचा ठेवल्यास 'पांढुर्' एवढेच उरते, आणि णकार कोठे गेला हे कारकुनास उमगत नाही.

तुलनेतही सावधगिरी हवी. दुहेरी बरोबरचिन्ह दोन्हीकडे वस्तू तीच आहे काय एवढेच पाहते. अक्षरे जुळतात काय हे 'इक्वल्स' सांगते, तेही ण आणि न यांत भेद करूनच. शिवाय स्ट्रिंग एकदा घडली की बदलत नाही. 'रिप्लेस'ने 'ना'चा 'णा' केला तरी नवी स्ट्रिंग मिळते. ती जपून न ठेवल्यास नोंदीत जुनेच नाव राहते.