लंगोट कोणी धुवायचे?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणानंतर विचारलेले दोन-तीन प्रश्नही शेवटी घेतले आहेत.)



विषय जाहीर झाला तेव्हा मागं हशा पिकला, तो मला ऐकू आला. गणपतीच्या मांडवात लंगोटावर भाषण! पण ज्याला आईनं अंगाच्या मळापासून घडवला, त्या देवासमोर बाळाच्या शी-शूचं बोलायला संकोच कसला? उलट मागं उभे असलेल्यांनी दोन पावलं पुढं यावं. आजचं बोलणं जास्त करून तुमच्यासाठीच आहे.

आधी एक सांगतो, मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या नोकरीत पाणीपुरवठ्याच्या कामावर असलेला माणूस आहे. त्यामुळे बाळाच्या तब्येतीचं डॉक्टरांना विचारा. मी कापड, पाणी आणि गटार या तीन गोष्टींबद्दल बोलणार आहे.

आपल्या आज्यांनी बाळाला नवं कापड कधी घातलं नाही. आधी जुनेर. नऊवारी लुगडं वापरून वापरून मऊ झालं की त्याची दुपटी, लंगोट, गोधडीचं अस्तर व्हायचं. याला आपण रीत म्हणतो, पण त्यात कापडाचं शास्त्र आहे. कापसाच्या धाग्यावर मुळातच एक मेणचट थर असतो, शिवाय गिरणीची खळ असते. त्यामुळे नवं सुती कापड पाणी पटकन पीत नाही. धुऊन धुऊन तो थर गेला की तेच कापड टिपकागदासारखं ओलं ओढून घेतं. आजही दुकानातून कापडी डायपर आणला की पहिल्यांदा वापरण्याआधी तीन-चार वेळा धुऊन वाळवायला सांगतात, ते याचसाठी. आजीनं पाच-सहा वर्षं अंगावर वागवून जे काम केलं, ते आपण चार धुण्यांत उरकतो.

अडचण अशी की आता घरात जुनेर उरलेलं नाही. वडगाव-खासबागेत मागांचा आवाज अजून येतो, पण आपल्या कपाटातल्या साड्या बाहेर काढून बघा. निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर. त्याचं दुपटं दिसायला मऊ, पण ओलं टिपत नाही, बाळाच्या अंगालाच चिकटतं. त्यामुळे "पूर्वीसारखं जुन्या साडीचं करा की" असं नव्या सुनेला सांगण्याआधी सासूबाईंनी एकदा साडीवर पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ती साडी लंगोटाच्या कामाची नाही.

या रिकाम्या जागेत विकतचा डायपर आला. अमेरिकेत 1961 मध्ये 'पॅम्पर्स' बाजारात आला, आपल्याकडं तो गावोगावच्या मेडिकल दुकानात दिसायला लागला तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. त्याला मी नावं ठेवणार नाही. बेळगावहून मुंबईला रात्रीच्या बसनं तान्हं मूल न्यायचं असेल, बाळंतीण आजारी असेल, किंवा मच्छे-उद्यमबागेत पाळीला जाणाऱ्या बाईला मूल पाळणाघरात ठेवायचं असेल, तर त्यानं मोठी सोय झाली आहे. ती सोय कुणाच्या आईपणात खोट काढायला वापरू नये.

पण तो कशाचा असतो ते बघा. वरचं अस्तर प्लॅस्टिकच्या धाग्यांचं, बाहेरचा पडदा प्लॅस्टिकचा, आत लाकडाचा लगदा आणि साखरेसारखे दिसणारे बारीक दाणे. हे दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून त्यांची जेली होते. बाळ कोरडं राहतं ते त्यांच्यामुळे. पण हाच डायपर संडासात किंवा गटारीत टाकला की तिथंही तो पाणीच पितो. फुगतो, चेंबरच्या तोंडाशी बसतो आणि मागचं सगळं अडतं. तुंबलेलं चेंबर उघडल्यावर हाताला काय लागतं ते मी पाहिलंय. मांडवात प्रसाद वाटायचा आहे, म्हणून वर्णन करत नाही.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यायचे आणि त्यासाठी कंपन्यांनी पाकिटासोबत पिशवी द्यायची. बेंगळूरुला ओल्या कचऱ्याला एक डबा, असल्या कचऱ्याला लाल डबा आणि सुक्याला पिशवी अशी पद्धत आहे. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम काढली. डायपर, पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या. का, तर कचरा हातानं निवडणाऱ्या बाईला न उघडता कळावं की आत काय आहे. एवढी साधी मागणी, पण तिच्यासाठी त्या बायकांना मोहीम काढावी लागली.

आपल्या पिरनवाडीत आता नगरपंचायत आहे, गाडी येते. तरी खानापूर रोडच्या कडेला सकाळी फिरायला जाता तेव्हा कुत्र्यांनी काय ओढून आणलेलं असतं ते तुम्हीही बघता. घरातल्या पोराची घाण म्हणून जिला आपण दोन बोटं लावत नाही, ती कुणीतरी परका माणूस दोन्ही हातांनी उचलतो. लंगोट कोणी धुवायचे हा प्रश्न मला तिथं पडला. ती घाण कुणाच्या तरी हाताला लागणारच आहे. आपल्या हाताला लागली तर पाण्यानं धुतली जाते आणि विषय संपतो.

आता कापडाकडे वळू. साधा चौकोनी लंगोट सगळ्यांना माहीत आहे. नव्या प्रकारात दोन भाग असतात. आत टिपणारी सुती किंवा बांबूच्या धाग्याची घडी, आणि बाहेर एक चड्डी, जिच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. ओल बाहेर येत नाही आणि बटणं बदलत गेलं की तीच चड्डी मुलाबरोबर वाढते. मुंबईत पल्लवी उटगी यांनी 2016 मध्ये 'सुपरबॉटम्स' सुरू केलं, तेव्हापासून हा प्रकार मराठी घरांत बराच पोहोचला. नाव घेतलं म्हणजे तेच घ्या असं नाही. बाहेरची चड्डी चार-पाच आणि आत घरच्या मलमलीच्या घड्या, असंही उत्तम चालतं आणि स्वस्त पडतं.

खर्चाचं एका दमात सांगतो. विकतचा डायपर दहा रुपयांचा धरा आणि दिवसाला पाच, तर महिन्याला 1500 आणि वर्षाला 18000 रुपये. कापडी एक 400 रुपयांना धरला तर बारांचे 4800, एकदाच. साबण-सोड्याचे वर धरा.

धुण्याचं मात्र सावकाश सांगायला हवं, कारण बहुतेक घरांत कापडी डायपर महिन्याभरात कपाटात जातात ते इथं चुकल्यामुळे. "गळतो", "वास मारतो", "बाळाला पुरळ आलं" अशा तक्रारी असतात. दोष कापडाचा नसतो, बोअरच्या पाण्याचा असतो. आपल्या भागातल्या कित्येक बोअरांचं पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा योग्य मानलाय, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. असल्या पाण्यात वडीचा साबण घासला की फेस येत नाही, पांढरट साका तयार होतो. तो धाग्याधाग्यात बसतो. कापड स्वच्छ दिसतं, पण पाणी पीत नाही. मग लंगोट गळतो आणि त्यात अडकलेल्या मूत्राचा जंतू अमोनिया करतात, तो डोळ्यांत झोंबणारा वास.

म्हणून जड पाण्याच्या घरात लंगोटाला वडी नको. धुण्याची पावडर वापरा, बेताची, आणि सोबत अर्धा चमचा धुण्याचा सोडा. सोडा पाण्यातले क्षार खाली बसवतो. फेस दिसेनासा होईतो खळबळा. कपडे मऊ करणारं ते सुगंधी औषध अजिबात नको, त्याचाही थर बसतो. बाळाला खोबरेल तेल किंवा पुरळाचं मलम लावत असाल तर मध्ये मलमलीचं एक फडकं ठेवा, नाहीतर तेल लंगोटात जातं. शी असेल तर ती आधी संडासात झटकायची आणि लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढायचा. रात्रभर बादलीत भिजत ठेवायचा नाही. पाणी निथळून उघड्या टोपलीत ठेवा, दुसऱ्या दिवशी सगळे मिळून धुवा. बाहेरच्या चड्डीला उकळतं पाणी आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य, तो पडदा सुटतो. ती सावलीत वाळवा. आतल्या घड्या मात्र कडक उन्हात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग पित्तातल्या रंगद्रव्याचा असतो, तो घासून जात नाही, पण ओला लंगोट उन्हात टाकला की दोन दिवसांत आपोआप विरतो.

आणि पाऊस? जून ते सप्टेंबर आपल्याकडं ऊन कुठं असतं? इथं आजीचा चौकोनी लंगोट नव्यापेक्षा सरस ठरतो. एकेरी कापड पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतं, तीन पदरी शिवलेली घडी दोन दिवस दमट राहते. दमट लंगोट बाळाला घालणं सगळ्यात वाईट, त्यातून बुरशीचं पुरळ येतं. पूर्वी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी पसरायचे, खाली ओवा-वावडिंगाची धुरी. धूर बाळाजवळ नको, पण ऊब देण्याची कल्पना बरोबर होती. आता सुती घडीवर इस्त्री फिरवा. आणि पाऊस एक हातानं नेतो तसं दुसऱ्या हातानं देतो. पागोळ्यांचं पाणी सगळ्यात हलकं. पहिल्या पावसात कौलं धुऊन निघाली की पुढचं पाणी पिंपात धरा आणि लंगोटाचं शेवटचं खळबळणं त्यात करा. फरक हाताला कळतो.

पाण्याचा हिशेब मात्र लपवणार नाही. दिवसाचे आठ-दहा लंगोट म्हणजे तीन बादल्या, साधारण 50 लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला 55 लिटर धरलेत. म्हणजे तान्हं बाळ अख्ख्या माणसाचं पाणी घेतं. एप्रिल-मेमध्ये नळाला चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा हे परवडत नाही, आणि त्या दिवसांत कुणी विकतचा डायपर वापरला तर मी दोष देणार नाही. एक करता येतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी उद्याच्या पहिल्या धुण्याला ठेवायचं आणि पहिल्या धुण्याचं संडासात ओतायचं. तीन बादल्यांच्या दोन होतात.

ब्रिटिश सरकारनं यावर अभ्यास करवून घेतले. 2008 च्या अहवालात असं निघालं की कापडी डायपर कडक गरम पाण्यात धुऊन विजेवर वाळवले तर पर्यावरणाचा काहीच फायदा नाही. दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलाला वापरले तरच तो मोठा. 2023 च्या अहवालात कापडी डायपरचा हवामानावरचा बोजा सुमारे 25 टक्के कमी भरला. त्यांना दोरीवर वाळवा म्हणून सांगावं लागतं. आपल्याकडं दुसरी पद्धतच नाही.

राहिला मथळ्यातला प्रश्न. आमचा धाकटा झाला तेव्हा आईचे गुडघे गेलेले, बायकोची शाळेची नोकरी. तेव्हा लंगोट मी धुवायचो, सकाळी साडेपाचला, नळ आला की. गल्लीतल्या एक मावशी रोज बघायच्या. एक दिवस न राहवून म्हणाल्या, "सरकारी माणूस तू, आणि लंगोट धुतोस व्हय रे?" मी म्हटलं, "मावशी, सरकारी माणसालाच घाण उपसायची सवय असते." त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गच्चीवर दुपटी वाळत घालताना दिसला. कापडी डायपर वापरायचे की नाही हे घरात ठरवताना आधी हे ठरवा. धुणारी एकटी बाळंतीण असेल, दोन-दोन तासांनी उठून पाजणारी, तर मी म्हणेन विकतचे आणा. जो बाप सोशल मीडियावर कापडाचं कौतुक टाकतो आणि बादली बायकोकडं सरकवतो, त्याला कौतुकाचा अधिकार नाही.

भाषणानंतर एका आजींनी विचारलं, दिवेलागणीनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत म्हणतात, ते खरं का? नजर-बिजर बाजूला ठेवा, पण रात्री दव पडतं, किडे बसतात, वाळलेलं पुन्हा ओलं होतं. आत घ्याच.

एका तरुणानं विचारलं, विकतचा डायपर वापरलाच तर टाकायचा कसा? शी संडासात, डायपर घट्ट गुंडाळायचा, त्याच्याच चिकटपट्टीनं बंद करायचा, कागदात बांधायचा, वर लाल खूण, आणि गाडीवाल्याला सांगून हातात वेगळा द्यायचा. जाळायचा नाही. प्लॅस्टिकच जळतं ते.

आणि शेवटी एका वहिनींनी विचारलं, एकाचे दुसऱ्या बाळाला चालतात का? चालतात. सोड्याच्या पाण्यातून एकदा नीट काढा, कमरेचं इलॅस्टिक सैल झालं असेल तर शिंप्याकडून बदलून घ्या. आमच्या धाकट्याचे बारा होते. नऊ सध्या निपाणीला मेहुणीच्या मुलीला चालू आहेत. दोन विटले, त्यांनी मी गाडी पुसतो. एक कुठं गेला ते बायकोला विचारावं लागेल.