मान वळवायची भीती



चिंचणी-तारापूरकडच्या गावांत दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, कोरणारे कारागीर आहेत. समोर धातूचा ठोकळा, हातात छिन्नी, आणि नक्षीची रेघ चुकू नये म्हणून तासन्‌तास खाली घातलेली मान. साडेचार-पाच किलोचं डोकं असं पुढे झुकलं की मागचे स्नायू ते तोलून तोलून थकतात. बोईसरहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्यांचंही मोबाइलपायी तेच होतं. आधी मान अवघडते, मग वळवली की कळ येते, आणि हळूहळू माणूस मान वळवणंच सोडतो. मागून हाक आली तर अख्खं अंग फिरवून बघतो. माझ्या मते दुखणं खरं मुरतं ते इथे.

व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा, चष्मा उपयोगी पडतो तोही इथेच. डोळ्यांवर चढवला की भोवती वेगळंच दृश्य उभं राहतं आणि डोकं वळेल तसं तेही वळतं. समोरून उडणारा पक्षी नजरेने टिपायचा, एवढाच खेळ. पण त्या नादात मान आपसूक फिरते. किती अंश फिरली, याची नोंद चष्म्यातले सेन्सर ठेवतात.

2015 साली ऑस्ट्रेलियातल्या डॅनिएल हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानदुखीच्या 24 रुग्णांवर अशाच चष्म्याने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चष्म्यातलं दृश्य प्रत्यक्षापेक्षा कमी वळताना दाखवलं, तेव्हा दुखायला लागेपर्यंत मान सुमारे 6 टक्के जास्त वळली. जास्त वळल्याचं दाखवलं, तेव्हा ती 7 टक्के आधीच दुखली. मान तीच, दुखणंही खरंच. पण किती वळल्यावर दुखायचं, हे डोळ्यांना काय दिसतं त्यावरही ठरत होतं. प्रयोग लहान आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

चष्म्याने काहींना गरगरतं, म्हणून हा व्यायाम बसून आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, चालताना तोल जात असेल किंवा पडल्यानंतर मान दुखू लागली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

असा चष्मा आपल्या भागात हाताशी नसेल, तरी अडून राहू नका. निरोगी तरुण मान एका बाजूला साधारण 80 अंश वळते. तुमची किती वळते, ते फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या, आकडा लिहून ठेवा, आणि त्यांनी दिलेले व्यायाम केल्यावर पुढच्या खेपेला पुन्हा मोजायला सांगा.